जुन्या पिकअपचे ॲव्हरेज नेमके कुठे गळते?

आमच्या घरची पिकअप २०११ सालची आहे. हंगामात ती नारायणगावहून टोमॅटोची कॅरेट घेऊन माळशेज घाटाने कल्याणला उतरते आणि बाजार आटोपला की रिकामी, किंवा जमलेच तर कुणाची पेंडीची पोती घेऊन, पुन्हा घाट चढते. काही वर्षांपूर्वी तिचे ॲव्हरेज लिटरला दहाच्या खाली घसरले, तेव्हा घरातल्या आणि गावातल्या प्रत्येकाकडे एकेक उपाय तयार होता. कुणी पंप-नोझलचे, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागांचे, काम काढायला सांगितले, कुणी डिझेलमध्ये ओतायची बाटली आणून दिली, तर कुणी गाडीच विकून टाका म्हणाले. पुढे ॲव्हरेज सुधारले, परंतु ज्या गोष्टींमुळे ते सुधारले त्यांतली एकही या सल्ल्यांमध्ये नव्हती. म्हणून उपायांकडे वळण्याआधी डिझेल खर्च कशावर होते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते. इंजिन चांगल्या स्थितीत असले तरी तिच्यातला साधारण एक तृतीयांश भागच चाकांपर्यंत पोहोचतो, आणि उरलेली ऊर्जा रेडिएटर व सायलेन्सरमधून उष्णतेच्या रूपाने निघून जाते. चाकांपर्यंत पोहोचलेली ऊर्जा चार कामांत खर्ची पडते: समोरची हवा बाजूला सारणे, टायर दबत-फुगत पुढे लोळवणे, चढावर वजन उचलणे आणि थांबलेल्या गाडीला वेग देणे. या चारही कामांवर मालकाचे आणि चालकाचे बरेच नियंत्रण असते. इंजिनात वाया जाणाऱ्या दोन तृतीयांशांवर मात्र फारसे नसते, कारण तो उष्णतेच्या इंजिनाचा स्वभावच आहे. तरीही बहुतेक लोक पहिला पैसा इंजिनावरच खर्च करतात, हे मला नेहमीच उफराटे वाटत आले आहे.

सुरुवात मोजण्यापासून करावी लागते. ‘पाचशेचे डिझेल टाकले आणि काटा इतका खाली आला’ हे मोजमाप नव्हे. टाकी फुल्ल करावी, डिझेल भरणाऱ्या नळीचे नोझल आपोआप बंद पडले की तिथेच थांबावे, किलोमीटरचा आकडा वहीत लिहावा आणि पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, तशाच पद्धतीने पुन्हा फुल्ल करावी. दरम्यान धावलेल्या किलोमीटरला दुसऱ्या वेळी बसलेल्या लिटरने भागले की खरे ॲव्हरेज मिळते. एका टाकीचा आकडा फसवू शकतो, कारण उतारावर उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत कमी-जास्त डिझेल बसते; म्हणून तीन-चार टाक्यांची बेरीज धरावी आणि प्रत्येक फेरीपुढे माल किती होता तेही लिहावे. जुन्या गाडीचे मीटरसुद्धा तपासून घ्यावे. महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांशी दहा किलोमीटर ताडून पाहिले तर मीटर किती पुढे किंवा मागे पळते ते लगेच कळते. टायर झिजलेला असेल तर त्याचा घेर कमी होतो, मीटर थोडे जास्त अंतर दाखवते आणि ॲव्हरेज आहे त्यापेक्षा बरे दिसते. नवे टायर टाकल्यावर ‘ॲव्हरेज पडले’ अशी तक्रार ऐकू येते, तिचे एक कारण हेही असते.

ॲव्हरेजच्या आकड्यात आणखी एक गंमत दडलेली आहे. लिटरला १४ किलोमीटर देणारी गाडी १६ देऊ लागली तर शंभर किलोमीटरमागे सुमारे ०.९ लिटर वाचते. लिटरला १० देणारी गाडी १२ देऊ लागली तर तेवढ्याच अंतरात जवळजवळ १.७ लिटर वाचते. सुधारणा दोन्हीकडे ‘दोनचीच’ असली तरी बचत जवळपास दुप्पट होते. म्हणजे जास्त पिणाऱ्या जुन्या गाडीवर केलेल्या छोट्या दुरुस्तीचे पैसे लवकर वसूल होतात. यासाठी वहीत किलोमीटर प्रति लिटरच्या शेजारी शंभर किलोमीटरला किती लिटर लागले, हा आकडाही लिहिण्याची सवय लावून घ्यावी.

आता वेगाकडे वळू. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किलोमीटरवरून ८० वर गेल्यास वेग तिसऱ्या हिश्श्याने वाढतो, पण हवेचा रेटा पावणेदोन पटींच्या वर जातो. पिकअपचा दर्शनी भाग उभा आणि चौकोनी असतो, केबिनच्या मागे हौदा उघडा असतो आणि त्यात कॅरेटची रास केबिनच्याही वर गेलेली असते. म्हणून मोटारीपेक्षा तिला हा भुर्दंड कितीतरी जास्त बसतो. पावणेतीन टनांच्या भरलेल्या पिकअपचा ढोबळ हिशेब मांडला तर सपाट रस्त्यावर ६० च्या वेगाला टायरांचा विरोध हवेपेक्षा जास्त भरतो, आणि ८० ला हवा टायरांना मागे टाकते. दोन्ही विरोध एकत्र धरले तर तेवढ्याच अंतराला ८० च्या वेगाने सुमारे एक तृतीयांश जास्त ऊर्जा लागते. मुरबाड ते कल्याण या सपाट पट्ट्यात आम्ही ८० ऐवजी ६० ने जाऊ लागलो, तेव्हा पोहोचण्याच्या वेळेत दहा मिनिटांचाही फरक पडला नाही, कारण शहाडच्या पुलाजवळची कोंडी दोघांनाही सारखीच गाठते. आधी पोहोचलेला तिथे आधी उभा राहतो, एवढेच.

उभे राहण्यालाही खर्च असतो. अडीच लिटरच्या आसपासचे डिझेल इंजिन नुसते चालू ठेवले तर तासाला साधारण अर्धा ते एक लिटर डिझेल पिते. दोन-चार मिनिटांहून अधिक थांबायचे असेल आणि स्टार्टर-बॅटरी धड असेल, तर इंजिन बंद करण्यातच फायदा आहे. मात्र घाट चढून लगेच थांबल्यास टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) असलेले इंजिन अर्धा-एक मिनिट मोकळे चालू द्यावे, म्हणजे तापलेल्या टर्बोला तेल मिळत राहते.

उभे राहण्यापेक्षाही महाग असते ते पुनःपुन्हा थांबणे. पावणेतीन टनांची गाडी ६० च्या वेगात असताना तिच्यात जेवढी गतीची ऊर्जा असते, तेवढी पुन्हा निर्माण करायला साधारण ३५ मिलिलिटर डिझेल लागते, म्हणजे कटिंग चहाचा अर्धा ग्लास. ब्रेक पूर्ण दाबून गाडी थांबवली की तो अर्धा ग्लास ड्रममध्ये उष्णता होऊन संपला. वाटेतल्या गावांमधले गतिरोधक, एसटी थांबे, वळणे आणि फाटे धरून असे पंचवीस-तीस प्रसंग आले तर लिटरभर डिझेल केवळ ब्रेकमध्ये जाते. त्यामुळे गतिरोधक दिसताच पाय ॲक्सिलरेटरवरून काढून गाडी गिअरमध्येच हळू होऊ देणारा चालक आणि शेवटच्या क्षणी ब्रेक मारणारा चालक यांच्या ॲव्हरेजमध्ये एकाच गाडीवर ठळक फरक दिसतो. चढता गिअरही लवकर टाकावा. टर्बो डिझेल इंजिनाला मिनिटाला १५०० ते २००० फेऱ्यांच्या दरम्यान ताकद भरपूर असते आणि त्यापुढे ते ओरडत ठेवण्यात काही मिळत नाही. पण इंजिन थडथडू लागेपर्यंत वरच्या गिअरमध्ये रेटणे ही काटकसर नसते, त्याने क्लच, गिअरबॉक्स आणि बेअरिंग यांवर ताण येतो.

यानंतर येतो घाट, आणि घाटाबरोबर एक जीवघेणा गैरसमज. उतारावर गाडी न्यूट्रल मारली की डिझेल वाचते, असे अनेक अनुभवी चालक मानतात. प्रत्यक्षात उलटे घडते. गाडी गिअरमध्ये असताना आणि पाय ॲक्सिलरेटरवर नसताना चाकेच इंजिनाला फिरवतात. हे ओळखून कॉमन रेल, म्हणजे संगणकाच्या हुकमाने डिझेल फवारणाऱ्या नव्या, इंजिनाचा संगणक डिझेल पूर्णपणे बंद करतो, आणि जुन्या यांत्रिक पंपातला गव्हर्नरही तेच काम करतो. म्हणजे उतारावर गिअरमध्ये उतरणारी गाडी डिझेल जवळपास पीतच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो, इंजिनाला स्वतःला जिवंत ठेवावे लागते आणि त्यासाठी ते डिझेल घेत राहते. थोडक्यात, न्यूट्रलमध्ये घाट उतरणारा चालक बचत करत नसून थोडे डिझेल जास्तच जाळत असतो.

काहीजण याच्याही पुढे जाऊन इंजिनच बंद करतात. डिझेल इंजिनात ब्रेकच्या बूस्टरला (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला) लागणारी निर्वात जागा एक वेगळा पंप तयार करतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागे जोडलेला असतो. इंजिन बंद झाले की तो थांबतो, पहिल्या दोन-तीन दाबांनंतर ब्रेकचे पेडल दगडासारखे कडक होते आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होते. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू असले तरी सारा भार ब्रेकवर पडतो, ड्रम आणि लायनर तापतात आणि ऐन वळणावर पकड सुटते. पुण्यात नवीन कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार या कारणाने कुप्रसिद्ध झाला आहे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी तिथे एका ट्रकने अनेक गाड्यांना धडक दिली, तेव्हा चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचे प्राथमिक तपासात पुढे आले होते. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागेल त्याच गिअरमध्ये तो उतरावा, ही जुन्या चालकांची शिकवण सुरक्षिततेची आहेच, शिवाय ती डिझेलच्या हिशेबातही बसते.

घाटाचा आणखी एक हिशेब सांगण्याजोगा आहे. जुन्नरचे पठार आणि कल्याण यांच्या उंचीत सहाशेहून अधिक मीटरचा फरक आहे. रिकामी पिकअप तेवढी वर उचलायला सुमारे एक लिटर डिझेल लागते आणि पूर्ण भरलेली उचलायला दीड लिटरच्या आसपास. आमच्या मार्गावर भरलेली गाडी खाली येते आणि रिकामी वर चढते, म्हणून जातानाचे ॲव्हरेज पाहून छाती फुगवण्यात किंवा येतानाचे पाहून मिस्त्रीकडे धावण्यात अर्थ नसतो. जाणे-येणे मिळून एकच आकडा धरावा.

वजनाबद्दल फार लिहायला नको, कारण ते सर्वांना कळते आणि तरीही कुणी पाळत नाही. हौद्यात कायमच्या पडून राहिलेल्या साखळ्या, लाकडी ओंडके, जुने टायर आणि पुढे-मागे लावलेले जाडजूड लोखंडी गार्ड यांचे वजन सहज शंभर किलोच्या घरात जाते. मंजूर वजनापेक्षा जास्त माल भरून फेऱ्या वाचवण्याचा हिशेब तर डिझेलच्या वहीत कधीच पूर्ण दिसत नाही. पाटे, टायर आणि ब्रेक यांची झीज त्यात नसते, आणि काट्यावर पकडले गेल्यास मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर वीस हजार रुपये दंड व वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार रुपये, हेही नसते.

टायरांतली हवा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेरीत जास्त दबते, रबर आतून तापते आणि ती सारी उष्णता डिझेलमधून आलेली असते. पिकअपमध्ये पुढच्या आणि मागच्या टायरांची हवा वेगळी असते, शिवाय मालासकट आणि मालाविना लागणारी हवाही वेगळी असते; गाडीच्या पुस्तकात दिलेला आकडाच पाळावा, ‘सगळीकडे सारखी मारा’ असे सांगू नये. हवा सकाळी, टायर गार असताना तपासावी. लांब धावून आलेल्या टायरमध्ये दाब आपोआप वाढलेला असतो; तो पाहून हवा सोडणे ही चूक फार जण करतात आणि टायर गार झाल्यावर तो कमी हवेवर धावू लागतो.

टायरच्या जोडीने ब्रेक तपासावेत, आणि इथेच आमच्या गाडीचे पहिले दुखणे सापडले. एकदा फेरीवरून आल्यावर मी चारही चाकांच्या रिमजवळ तळहाताची मागची बाजू नेऊन पाहिली. तीन चाके कोमट होती आणि मागच्या डाव्या चाकाजवळ हात ठेववत नव्हता. चाक जॅकवर उचलून फिरवले तर ते अर्ध्या फेरीतच घासून थांबत होते. हँडब्रेकची केबल गंजून आत अडकली होती आणि त्या ड्रमचे लायनर महिनोन्‌महिने घासत चालले होते. म्हणजे आम्ही रोज थोडा ब्रेक दाबूनच नारायणगाव ते कल्याण जात होतो. केबल बदलणे, ड्रम साफ करणे, ॲडजस्टर मोकळा करणे आणि बेअरिंगला नवे ग्रीस भरणे, एवढ्या कामाने आणि हवा नीट ठेवल्याने पुढच्या तीन टाक्यांत ॲव्हरेज ९.६ वरून १०.४ वर आले. हे काम कुणीही सुचवले नव्हते, कारण घासणारा ब्रेक आवाज करतोच असे नाही. सपाट, मोकळ्या रस्त्यावर न्यूट्रलमध्ये गाडी हाताने ढकलून पाहणे ही याची सर्वांत सोपी परीक्षा आहे. दोन माणसांना ती हलवणे जड जात असेल तर कुठेतरी काहीतरी घासते आहे, असे समजावे.

इंजिनाकडे वळताना धूर पाहावा. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात डिझेलचे प्रमाण मुख्यतः ॲक्सिलरेटर ठरवतो. हवा कमी पडली तरी तो डिझेल तितकेच पाठवतो, ते पूर्ण जळत नाही आणि सायलेन्सरमधून काळा धूर निघतो. त्यामुळे अशा गाडीत मळलेल्या एअर फिल्टरचा परिणाम थेट ॲव्हरेजवर होतो. नव्या पेट्रोल मोटारींत तसे होत नाही, कारण संगणक हवा मोजून इंधन कमी करतो आणि गाडी फक्त सुस्त होते. शेतरस्त्यांवर धूळ खाणाऱ्या पिकअपला फिल्टर बदलण्याचा पुस्तकातला पल्ला लांब पडतो. मधूनच तो उघडून पाहावा, पण जोरदार हवा मारून कागद फाडू नये. टर्बोपासून इंजिनापर्यंत जाणारा रबरी पाइप भेगाळला किंवा क्लॅम्पजवळ तेलकट झाला असेल तर दाबलेली हवा वाटेतच निसटते आणि परिणाम तोच होतो. चढावर काळा धूर आणि शिट्टीसारखा आवाज एकत्र आले तर नोझलला हात लावण्याआधी हा पाइप पाहावा. तो तुलनेने स्वस्तात बदलता येतो.

आता थर्मोस्टॅट. उन्हाळ्यात इंजिन तापते म्हणून तो ‘व्हॉल्व्ह’ काढून फेकून देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, आणि आमच्या गाडीचाही कुणीतरी, कधीतरी काढला होता. थर्मोस्टॅटचे काम इंजिन गार ठेवणे हे नसून ते लवकर गरम करून ८० ते ९० अंशांच्या आसपास टिकवणे हे आहे. तो नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरते, थंडीत आणि घाट उतरताना इंजिन नीट तापतच नाही, तेल घट्ट राहते, डिझेल अपुरे जळते आणि सिलिंडरची झीज वाढते. इंजिन खरोखर तापत असेल तर कारण रेडिएटरमधल्या गाळात, पंख्यात, वॉटर पंपात किंवा कमी झालेल्या कूलंटमध्ये असते. थर्मोस्टॅट काढल्याने ते कारण फक्त झाकले जाते. ज्या गाडीचा तापमानाचा काटा पंचवीस किलोमीटर धावूनही मधल्या जागेपर्यंत येत नाही, तिचा थर्मोस्टॅट नसण्याची किंवा उघडा अडकण्याची शक्यता दाट असते.

डिझेलमध्ये ओतायच्या बाटल्या, इंधनाच्या नळीवर लावायची लोहचुंबके आणि पाण्यापासून वायू तयार करणाऱ्या पेट्या यांबद्दल मतभेदाला फारशी जागा नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून अधिक उपकरणे आणि मिश्रणे तपासली, आणि लक्षणीय इंधन वाचवणारे त्यांत काही सापडले नाही. आमची बाटली दोन टाक्यांत संपली आणि वहीतला आकडा जिथे होता तिथेच राहिला. स्वस्त पडते म्हणून डिझेलमध्ये रॉकेल मिसळणे तर त्याहून घातक आहे. पंपाच्या आतल्या बारीक भागांना वंगण डिझेलच पुरवते, आणि रॉकेल ते काम नीट करू शकत नाही.

हौद्याबद्दल दोन शब्द. मागचा फाळका उघडा ठेवला की हवा सरळ निघून जाते आणि ॲव्हरेज वाढते, असे अनेकांना वाटते. बंद फाळक्यामुळे हौद्यात हवेचा एक भोवरा तयार होतो आणि वरची हवा त्याच्यावरून घसरत जाते. फाळका उघडल्यावर तो भोवरा मोडतो, आणि विरोध कमी होण्याऐवजी बहुधा थोडा वाढतो. फडफडणारी ताडपत्री मात्र निश्चित नुकसान करते. ती रिकाम्या फेरीत घडी करून आत ठेवावी आणि भरलेल्या फेरीत दोरीने आवळून बांधावी.

पंप आणि नोझलचे काम शेवटी ठेवले ते त्याला महत्त्व नाही म्हणून नव्हे, तर ते खर्चिक आहे आणि त्याची गरज लक्षणांवरून ठरवता येते म्हणून. हवा, फिल्टर, पाइप आणि टॅपेटचे (इंजिनाच्या झडपांचे) अंतर ठीक असूनही चढावर काळा धूर राहत असेल, सकाळी सुरू करताना पांढरा धूर आणि ठोके येत असतील, किंवा पीयूसीच्या तपासणीत धुराचा आकडा वर्षागणिक चढत असेल, तर नोझल काढून चाचणीच्या यंत्रावर त्यांचा फवारा पाहून घ्यावा. फवाऱ्याऐवजी धार किंवा थेंब पडत असतील तर ते बदलावेच लागतात. आमच्या गाडीचे नोझल अजून जुनेच आहेत. थर्मोस्टॅट बसवल्यानंतर आणि मुरबाडच्या रस्त्यावर ६० पाळू लागल्यानंतर वहीतल्या शेवटच्या चार टाक्यांची सरासरी ११.८ आहे, आणि गेल्या पीयूसीत धुराचा आकडा आदल्या वर्षापेक्षा खाली आला आहे.